आईच्या नावाचा तेरडा

९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. मेल केला असता, पण तुम्ही मेल उघडत नाही हे आता तुमच्या आणि आमच्या, दोन्ही विद्यापीठांना माहीत झालंय. आणि मला जे मागायचंय ते नाहीतरी पोस्टानेच येणार. म्हणून कागद.

आमच्याकडे तेरड्यांचं काम एकदाचं मंजूर झालं. प्रत्येक डोंगराचा आपापला तेरडा असतो, हे तुम्ही मला पहिल्याच वर्षी हिंडवून दाखवलं होतंत. आता त्यांच्यात सख्खे कोण, चुलत कोण आणि उगाच नातं सांगत आलेला कोण, ते डीएनएवरून लावायचंय. सगळ्या तेरड्यांचा मिळून एक वंशवृक्ष. बाकीच्या संग्रहांनी पानांचे तुकडे पाठवले. एकच फांदी रिकामी आहे, आणि ती नेमकी आपल्या घरची: तुम्ही शोधून आईंचं नाव दिलेला तेरडा.

तो ज्या कातळावर होता तो कातळ रस्त्यासाठी फोडला. जिवंत रोप आणणार कुठून? जगात त्याची, वाळवून कागदावर चिकटवलेली, एकच शीट आहे, तुमच्या हर्बेरियममध्ये, तुमच्या कुलपात. तिला कात्री लावा असं म्हणायची माझी हिंमत नाही. ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव उभं असतं त्याला हात लावायचा नसतो, हे तुम्ही माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवलंय. पण शीटच्या कोपऱ्यात गळलेल्या तुकड्यांची पुडी चिकटवलेली असते ना, त्यातलं नखाएवढं पान मला पुरेल.

तुमचा भाऊ गुंड्या मजेत. शाळेत पोरांना चित्रकला शिकवतो आणि घरी मला स्वयंपाक. म्हणाला, "ताईला लिहितेस तर जपून. ती आधी चुका काढते, मग वाचते."

तुमची विद्यार्थिनी आणि भावजय
(आधी कोण, ते तुम्ही ठरवा)

---

२० जून

भावजयबाई,

आशीर्वाद. आधी विद्यार्थिनी, आणि चांगली होतीस. भावजय नंतर, आणि त्याबद्दलचं माझं मत मी राखून ठेवलंय. चुका दोनच सापडल्या, दोन्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या.

तुझं काम मंजूर झालं हे वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे. मला झाला नाही. मी इथे नवी कपाटं मागते आहे ती तुझ्या लग्नाच्याही आधीपासून. दर वेळी "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर येतं, तेही तोंडी. अर्ध्या खोलीत आता कॉम्प्युटर बसवणार म्हणतात. पंखा लावला तर शीटा उडतात, नाही लावला तर मी शिजते. आणि तुझ्या त्या यंत्राला म्हणे स्वतःची थंड खोली आहे. यंत्राला! मला कुणीतरी मागच्या जन्मी सांगायला हवं होतं, यंत्र हो म्हणून.

गुंड्या स्वयंपाक शिकवतो हे छान. तो माझ्याकडे होता तेव्हा पाठीवर रोपं दाबायची प्रेस घेऊन डोंगर चढायचा. त्या कातळावर ओल्या कपड्यांनी बसून त्याने आईच्या तेरड्याचं चित्र काढलं, कारण तेरड्याचं फूल वाळवलं की त्याचा चोळामोळा होतो. चित्र नसतं तर ती पांढरी पाकळी आणि आकड्यासारखी वळलेली शेपटी कुणाला पटली नसती. आता तुझ्या प्रजातींची चित्रं काढत असेल. काढू दे. मला काय करायचंय.

नाव छापून आलं तेव्हा आईने कागद उलटसुलट करून विचारलं होतं, "माझ्या नावाला हे शेपूट कसलं जोडलंस?" म्हटलं, लॅटिनमध्ये बाईमाणसाच्या नावाला लावावं लागतं. तशीच उठली आणि शेजारी सांगून आली, की माझ्या नावाचं एक झाड आहे, शेपटासकट.

पुडी सोबत आहे. वर नाव घातलंय. जपून वापर, दुसरं पान मिळणार नाही.

ताई

---

१४ जुलै

प्रिय ताई,

पुडी मिळाली! मला वाटलं होतं तुम्ही आधी दोनदा नाही म्हणाल, तिसऱ्यांदा रागवाल आणि मग दिवाळखोर झाल्यासारखं तोंड करून द्याल. इतक्या सहज दिलंत, मला भरून आलं.

ती आली त्याच दिवशी आमच्याकडे लगीनघाई होती. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आपल्या दोघींचे सर आले होते. निवृत्त झाल्यापासून इतके बारीक झालेत, पण आवाज तोच, खोलीच्या त्या टोकाला बसलेल्यालाही दचकवणारा. सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "ही आमची कार्टी." मग मुलांनी त्यांना एक नमुना सुरुवातीपासून करून दाखवायचा ठरवलं, आणि मी म्हटलं, आईंचाच करा. तुमची पुडी सरांच्या हाताने उघडली. पान नळीत घालून, छोटे मणी टाकून, यंत्रावर दळलं. क्षणात पूड. सर म्हणाले, "आमच्या वेळी एवढ्यात चहासुद्धा गाळून होत नसे."

दोन दिवस आमच्याकडेच राहिले. गुंड्याबरोबर गप्पांना ऊत आला होता. तुमचीही चौकशी केली. "ती अजून त्याच खोलीत आहे का?" म्हणाले. मी म्हटलं, हो, आणि खोली त्यांच्यामुळे उभी आहे.

निकाल यायला वेळ लागेल. कळवतेच.

तुमची भावजय

---

२५ जुलै

भावजयबाई,

कार्टी हा शब्द माझा होता.

तू विभागात आलीस त्याच्या कितीतरी आधीपासून सर मला कार्टी म्हणायचे. त्यांचं तेरड्यांचं जाड पुस्तक आहे ना, ज्याच्यावर सगळेजण डोकं टेकवतात, त्यासाठीची शीट न् शीट मी चिकटवलीय. वर्णनं मी टाइप केली. सूचीतला त्यांचा स्वतःचा गुलाबी तेरडा, त्यांनी तरुणपणी नाव दिलेला, तो त्यांनी चुकीच्या पानावर टाकला होता, तो मी जागेवर आणला. आभारात माझं नाव आहे. फोटोग्राफर आणि गाडीचा ड्रायव्हर यांच्या मधे.

निरोपसमारंभानंतर ते माझ्या खोलीचा जिना एकदाही चढले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. तुझ्याकडे यायला मात्र गुडघ्यांनी परवानगी दिली, राहायलाही दिली. अंगाचा तिळपापड होतो म्हणतात तो असा होतो, हे आज खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

तू म्हणशील, ताई काय लहान मुलासारखं करते. करते. माझ्या वाटणीचं जे जे होतं ते तुझ्या ताटात गेलेलं मला एकेक करून दिसतंय, आणि वर मी तुला शाबासकी द्यावी अशी सगळ्यांची अपेक्षा आहे.

एक विचारते. ते पान दळण्याआधी बघितलंस का?

ताई

---

१८ सप्टेंबर

प्रिय ताई,

उशीर झाला. खरं तर निकाल येऊन दिवस झाले, पण लिहायचं कसं ते सुचेना. गुंड्या म्हणाला, सरळ लिही, तिला गोडगोड लिहिलेलं आवडत नाही.

झाड तयार झालं. बहुतेक फांद्या अपेक्षेप्रमाणे आल्या. आईंचा तेरडा मात्र वेगळा पडला नाही. तो सरांच्या गुलाबी तेरड्यात जाऊन बसला. जवळ नव्हे, त्याच्या आतच. डीएनएत काही फरकच नाही म्हणा ना.

म्हणजे काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. दोन्ही एकच ठरले तर आधीचं नाव टिकतं आणि नंतरचं त्याच्याखाली समानार्थी म्हणून जातं. सरांचं नाव आधीचं आहे.

मी हे आधी तुम्हाला कळवायला हवं होतं. पण विभागाच्या बैठकीत झाड दाखवायचं ठरलेलं होतं, सरही मुद्दाम आले होते, आणि ती फांदी झाकून ठेवणं मला जमलं नाही. सगळ्यांना दिसली. सरांनी जवळ येऊन ती फांदी बघितली. मग म्हणाले, "मला तेव्हाच शंका होती. पण पोरीचा उत्साह होता, आईचं नाव होतं, मी काही बोललो नाही."

ताई, तुम्हाला वाईट वाटणार हे मला माहीत आहे. गुंड्यालाही वाटलंय, तो दाखवत नाही. पण झाड हे असं आहे.

तुमची विद्यार्थिनी

---

२४ सप्टेंबर

भावजयबाई,

तुझं पत्र वाचलं आणि हसले. इतकी हसले की बाहेरच्या शिपायाने आत डोकावून पाहिलं.

ते पान आईच्या तेरड्याचं नव्हतंच.

शीटवरच्या पुडीत पान नाही. कधीच नव्हतं. तिच्यात दोन-चार बोंडांची सालं आहेत आणि पाकळीचा भुगा. मी तुला सरांच्याच गुलाबी तेरड्याचं पान पाठवलं, एका जादा शीटवरचं, आणि पुडीवर नाव घातलं आईचं. तुला वाटेल, यंत्राची परीक्षा घेतली. ते बिचारं मिळेल ते दळतं, त्याची कसली परीक्षा? तुझी घेतली. गुलाबी तेरड्याच्या देठाशी दोन गाठी असतात, टाचणीच्या डोक्याएवढ्या. आईच्या तेरड्याचा देठ गुळगुळीत. माझ्या वर्णनात स्वच्छ लिहिलंय, आणि ते वर्णन तू परीक्षेला पाठ केलं होतंस. पहिल्या वर्षाच्या पोरीला भिंगातून दिसलं असतं. मी विचारलंही होतं, बघितलंस का. तू त्याला उत्तर दिलं नाहीस. तू, तुझी मुलं आणि साक्षात सर, इतकी डोळस माणसं पुडीभोवती उभी, आणि पान कुणीच बघितलं नाही!

आता भरल्या बैठकीत सांगितलंस तसंच भरल्या बैठकीत जाऊन सांग. सरांनाही सांग, की तुमची तेव्हाची शंका तुमच्याच पानावरून खरी ठरली.

मला तुझा हेवा वाटतो. लिहूनच टाकते, म्हणजे तू दुसरं काही समजायला नकोस. ती थंड खोली, ती हसरी पोरं, सर, माझा भाऊ. सगळं गिळलं मी. एक आई उरली होती माझ्याकडे, कुलपात. तिलाही तू सगळ्यांदेखत सरांच्या नावाखाली बसवलंस आणि मला नंतर कळवलंस.

ताई

---

१ ऑक्टोबर

ताई,

सांगितलं. भरल्या बैठकीत, तुम्हाला हवं होतं तसंच. पानाचा देठ मी पाहिला नाही, चूक माझी, पूर्ण माझी, हे मुलांसमोर उभं राहून बोलले. एक मुलगी मान खाली घालून बसली होती, कारण नळीत पान तिने टाकलं होतं. तिला मी घरी जायला सांगितलं.

पण तुम्ही जे केलंत त्याला परीक्षा म्हणत नाहीत. खोटं नाव घातलेली पुडी होती ती. तुमच्या हातची. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला हर्बेरियमची पायरी चढू दिली नसती. मी बैठकीत "पुड्यांची अदलाबदल झाली" एवढंच म्हटलं. तुमचं नाव घेतलं नाही. उपकार म्हणून नाही. माझ्या जिभेवर आलंच नाही. घरी गुंड्याला मात्र खरं सांगितलं. तो गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

आणि हेव्याचं म्हणाल तर ऐका. आमच्या जेवणाच्या टेबलासमोर तुमच्या तेरड्याचं चित्र आहे. पांढरी पाकळी, वळलेली शेपटी, खाली तुमचं नाव. रोज त्याच्याकडे बघत जेवते. मी आजवर तीन नव्या प्रजाती शोधल्या. एकीचंही चित्र तुमच्या भावाने काढलेलं नाही. मी विनवण्या केल्या, भांडले. म्हणतो, "नाही गं, तो हात ताईसाठी होता." बाहेरून आणलेल्या चित्रकाराची चित्रं छापते मी, आणि लोक विचारतात, घरात चित्रकार असून? आणि तुम्ही लिहिता, तुझ्यासाठी काढत असेल, काढू दे!

सर मला कार्टी म्हणाले आणि जेवताना दोन्ही दिवस तुमच्याच गोष्टी सांगत बसले. ते मी तुम्हाला लिहिलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही.

आता कामाचं. फोडलेल्या कातळाच्या मागच्या डोंगरावर अजून ओल आहे. फुलं आहेत तोवर मी तिथे जाऊन बघून येणार आहे, स्वतः, भिंग घेऊन. आणि मला शीटवरचं पान हवं. खरं. कात्री लावा. नाहीतर मी ती फांदी रिकामी ठेवून छापेन, आणि कुणी का रिकामी म्हणून विचारलं, तर या वेळी अदलाबदल झाली असं म्हणणार नाही.

तुमची कुणी नाही, या पत्रापुरती

---

९ ऑक्टोबर

चि. भावजय हिस,

लावली कात्री.

दुपारी खोलीचं दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि शीट टेबलावर घेतली. तिच्यावर दोन रोपं आहेत. मोठ्याला हात लावला नाही. धाकट्याचं खालचं पान निवडलं, आधीच अर्धं दुमडलेलं. देठासकट कापलं, म्हणजे देठ तुला बघता येईल. भिंगातून मीही पुन्हा बघून घेतला. गुळगुळीत आहे. कापताना कात्रीचा आवाजसुद्धा आला नाही, इतकं ते हलकं होतं.

काय कापलं, कधी आणि कुणासाठी, याची चिठ्ठी शीटवर चिकटवावी लागते, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आईच्या शीटवर आता तुझंही नाव आलं. कायमचं. लिहिताना शाई जरा जास्तच पडली.

पुडीबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. माझ्या खोलीत कुणी तसं केलं असतं तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. तुझ्या त्या पोरीला सांग, तिचा काही दोष नव्हता.

गुंड्याचं वाचून काय वाटलं ते लिहीत नाही. तुला आवडणार नाही. मला फार आवडलं. पत्र घडी घालून पुन्हा उघडलं आणि तेवढंच परत वाचलं.

सर माझ्या कुठल्या गोष्टी सांगत होते?

निकाल काय येणार ते मला माहीत आहे. वेगळाच निघेल तो. मी त्याला जिवंत पाहिलंय. तू फक्त कागदावर आण.

ताई

---

२१ जानेवारी

प्रिय ताई,

तुमची दोन पोस्टकार्डं मिळाली. दोन्हींवर नुसतं प्रश्नचिन्ह, बाकी कोरं. पोस्टमनने मला विचारलं, सगळं ठीक आहे ना.

पान आलं त्या दिवशी मी ते दळलं नाही. आधी भिंगाखाली ठेवलं, मग मुलांना एकेकाला बोलावून दाखवलं. देठ गुळगुळीत. तुमच्या वर्णनाबरहुकूम. मग त्याचे दोन भाग केले. एक मी स्वतः केला. दुसरा पुडीवर नाव न घालता दुसऱ्या विद्यापीठातल्या मैत्रिणीकडे पाठवला, म्हणजे कुणाच्या मनात काही असलंच तर ते हातात उतरू नये.

ताई, दोघींचं उत्तर एकच आलं. ते सरांच्याच तेरड्यात बसतं. पहिल्या खोट्या पानासारखं हुबेहूब नाही, थोडा फरक आहे, पण तेवढा फरक सरांच्या तेरड्याच्या दोन डोंगरांमधेही सापडतो. मला पटेना म्हणून मी सगळं पुन्हा केलं. म्हणून इतका उशीर.

मागच्या डोंगरावर जाऊन आले होते. गुंड्याही होता. तुम्ही शिकवलं तसं रोपापाशी बसून पाहिलं, खालून वर. पायथ्याला सरांचा गुलाबी, गाठीवाला. जसजसं ओलसर सावलीत वर जावं तसतसा रंग फिका होत जातो. एकाच्या देठाला एकच गाठ. एकाची शेपटी अर्धी वळलेली. अगदी वरच्या कपारीत एक रोप जवळपास पांढरं होतं, आणि गुंड्या त्याच्यासमोर बसून म्हणाला, "हे बघ, आई." तेव्हाच मला कळलं होतं बहुतेक. ही सगळी रोपं दाबून सोबतच्या पार्सलमधे पाठवली आहेत, टिपणांसकट. तुम्ही स्वतः बघा. मला चुकीचं ठरवता आलं तर ठरवा. मला आनंदच होईल.

हे बैठकीत सांगितलेलं नाही. सरांना नाही. गुंड्यालाही अजून नाही. या वेळी आधी तुम्हाला.

आणि एक सुचवते. मी ती फांदीच गाळते. "नमुना उपलब्ध नाही" एवढं लिहिलं की झालं. कातळ राहिला नाही, शीट एकच, तीही तुमच्या कुलपात. कुणी काही विचारणार नाही. माझ्या मैत्रिणीला मी कशाचं पान होतं ते सांगितलेलंच नाही. आईंचं नाव आहे तिथे राहील. पुढे कधी कुणी पाहील तेव्हा पाहील. मी मागे धमकी दिली होती ती विसरा. तुम्ही हो म्हणा, मी आजच करते.

सर सांगत होते ती गोष्ट: तुम्ही एकदा त्यांच्याशी देठावरच्या केसांवरून भांडलात, ते चिडून निघून गेले, आणि संध्याकाळी परत येऊन बघतात तर तुम्ही जेवायला न जाता तीच शीट समोर घेऊन बसलेल्या. म्हणाले, "ती बरोबर होती. मी तिला तसं म्हटलं की नाही, आता आठवत नाही."

तुमची

---

६ फेब्रुवारी

भावजयबाई,

म्हटलं नव्हतं.

पार्सल आलं. तुझी रोपं नीट दाबली आहेत, फक्त एकाचं मूळ मोडलंय. मोठ्या टेबलावरचं सगळं उचललं, एका टोकाला सरांची शीट ठेवली, दुसऱ्या टोकाला आईची, आणि मधे तुझी रोपं क्रमाने मांडली. मग पट्टी घेऊन बसले. कुठेतरी रेघ ओढता आली पाहिजे, की इथे सरांचा संपला आणि इथे आईचा सुरू झाला. गाठीवरून ओढली, तर शेपटी आडवी आली. शेपटीवरून ओढली, तर रंग. दिवसभर ओढत होते. शिपाई चहा ठेवून गेला, तो गार झाला. रेघ कुठेच बसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, या वेळी तुझी एखादी चूक सापडावी म्हणून. ती मोडलेल्या मुळाचीच काय ती सापडली.

तेव्हा तू बरोबर आहेस. हे मी तुला लिहून देते आहे, म्हणजे पुढे कुणाला आठवत नाही असं व्हायला नको.

आणि सरही बरोबर आहेत. त्याचा मला जो राग आलाय तो या कागदावर मावणार नाही.

फांदी गाळायची नाही. खबरदार. मी पाठवलेल्या खोट्या पुडीने जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता तू खरी पुडी लपवून ठेवतेस? आज गाळलीस तर मी गेल्यावर कुणीतरी अनोळखी पोरगं येऊन कुलूप उघडेल, कात्री लावेल आणि दोन ओळींत निकाल लावून टाकेल. आई कोण होती हे ज्याला माहीत नाही त्याने तिचं नाव खाली ढकललेलं मला खपायचं नाही. तू निदान तिच्या हातचं जेवली आहेस. तिने तुला नावं ठेवली आहेत आणि तुझ्या माघारी तुझं कौतुकही केलंय, माझ्यासमोर, मुद्दाम. लिहायचं तर तूच लिही.

आभारात मला बसवू नकोस, तिथे मी एकदा बसून आले आहे. लेखकांत घाल. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. हे लिहिताना पोटात दुखतंय आणि ते मी लपवत नाही. दुखू दे.

गुंड्याला तू सांगू नकोस. मी फोन करते आहे. आज त्याच्याशी मला बोलू दे, तेवढं माझ्या वाटणीला ठेव.

एक अट आहे. आईचं नाव सरांच्या नावाखाली उतरवायचं ते वाक्य मी लिहिणार. लिहून सोबत ठेवलंय, वेगळ्या कागदावर. तू नाही, संपादक नाही, आणि सर तर नाहीच नाही, कुणी त्यातला एक शब्द हलवायचा नाही. आईला तिथे मी नेलं होतं. परतही मीच आणणार.

ताई